नुसती मान हलवली

मला अभिवादन करता येत नाही. समोर माणूस आला की माझी मान आपोआप खाली-वर होते, ओठ थोडे ताणले जातात आणि तोंडातून काही निघत नाही. फोनवर मान दिसत नाही, म्हणून तिथं मी ‘बोला’ म्हणतो. अमरावतीच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत माझी वीसेक वर्षं गेली. पिशवीत वावरातली माती घेऊन येणारे शेतकरी दारातूनच राम राम, नमस्कार, जय भीम, सलाम, जे असेल ते घालतात. मी सगळ्यांना सारखीच मान हलवतो. आमचा शिपाई म्हणायचा, "साहेब दिलाचे चांगले हायेत, पन नमस्काराचे कंजूस."

लोकांना वाटतं, माणूस अबोल आहे. अबोल आहेच. पण ही मान त्यातली नाही. ती मला कुठं लागली, कोणत्या दारात लागली, हे मला नेमकं माहीत आहे. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगायची गरज नव्हती, ती माझ्या शेजारीच उभी होती.

अकोल्याहून अमरावतीला बदली झाली तेव्हा लग्नाला सहा महिने झाले होते. आम्ही बौद्ध. बाबा बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावात गवंडी. आमचं आडनाव तीन-चार समाजांत सापडतं. त्यावरून काही ठरवता येत नाही, म्हणून खोली देणाऱ्याला पुढं विचारावं लागतं. सरळ कुणी विचारत नाही. आधी "गाव कोणतं?", मग "गावात घर कोण्या बाजूले?", मग "घरी देव कोणता?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत आलो की खोली पुतण्यासाठी ठेवलेली निघायची. पाच दिवसांत असे तीन पुतणे निघाले. बायको म्हणाली, "या शहरात पुतनेच लय दिसतेत."

चौथं घर एका निवृत्त हेडमास्तरांचं होतं. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. गुरुजी ओसरीत पेपर वाचत होते, बोलणं काकूंनीच केलं. मी नाव सांगितलं. काकूंचा चेहरा उजळला.

"अगंबाई, हे आडनाव तर माझ्या वहिनीच्या माहेरचं! म्हणजे तुम्ही आपल्यातलेच."

त्यांनी प्रश्न विचारलाच नव्हता. मला खोटं बोलावं लागलं नाही. माझी मान हलली. एकदाच, थोडीशी. काकू चाव्या आणायला आत गेल्या.

वर खोलीत आल्यावर बायकोनं विचारलं, "तुमी हो म्हटलं?"

"मी काहीच नाही म्हटलं."

"मंग मान कोनाची हालली? माही?"

तिनं ट्रंकेतून फोटो काढला. आमच्या समाजातल्या प्रत्येक घरात असतो तो, लग्नात तिच्या भावानं दिलेला. भिंतीकडे एकदा पाहिलं, आणि साडीत गुंडाळून परत ट्रंकेच्या तळाशी ठेवला. साडेचार वर्षं तो तिथंच होता. दर एप्रिलात जयंतीला आम्ही अकोल्याला जायचो, काकूंना सांगायचो की गावाकडं लग्न आहे. एकदा काकू म्हणाल्या, "तुमच्याकडं सगळी लग्नं एप्रिलातच कशी हो?" मी मान हलवली.

ती माणसं वाईट नव्हती, हे लिहिलंच पाहिजे. आमची मुलगी झाली तेव्हा दीड महिना काकूंनी स्वतःच्या हातानं तिला न्हाऊ घातलं. मला टायफॉइड झाला तेव्हा गुरुजी रोज संध्याकाळी येऊन उशाशी बसायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायको खाली जायची, वाण घेऊन वर यायची. एकदा आल्यावर कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. म्हणाली, "बाया चांगल्या हायेत. तेच तर वाईट हाय."

मी स्वतःला समजावत होतो की यात लाज नाही, खोलीचा प्रश्न आहे. खोलीचा प्रश्न खराच होता. पण तेवढाच असता, तर ही मान खोलीबरोबर सुटायला हवी होती.

तिसऱ्या वर्षी बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन अमरावतीला करायचं ठरलं. आठ दिवस ते आमच्याकडे राहणार होते. मी त्यांना आणायला गेलो.

बाबांबद्दल एक गोष्ट इथं सांगायला हवी. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा बाबा सात-आठ वर्षांचे होते. आजोबा नागपूरहून परत आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यात पाटील भेटला. बाबांनी सवयीनं वाकून ‘राम राम’ म्हटलं. आजोबांनी तिथंच थांबवलं, पोराचा खांदा धरून सरळ उभं केलं आणि पाटलासमोर सांगितलं, "आता आपलं ते नाही." मग पोराकडून जय भीम म्हणवून घेतलं. पाटील तसाच चालता झाला. बाबा ही गोष्ट दर जयंतीला विहारात पोरांना सांगायचे. पाटलाची चाल करून दाखवायचे. गावातल्या लहान पोरालाही ती पाठ होती. बाबांच्या तोंडून त्या सकाळनंतर ते शब्द कधी निघाले नव्हते, हा त्यांचा अभिमान होता. त्यांना अभिमान बाळगण्यासारख्या गोष्टी फार नव्हत्या.

एस.टी.त बाबा खिडकीशी बसले. मूर्तिजापूरला आम्ही चहा घेतला. बोलायचं होतं ते मी अकोल्यापासून पुढं ढकलत होतो. बडनेरा यायच्या थोडं आधी म्हटलं, "बाबा, घरमालक दारात असतील. त्यांना नमस्कार म्हणा."

"आन् काय म्हनतो मी मंग?"

"आपलं म्हणू नका."

बाबा बाहेर पाहत होते. एका डोळ्यानं त्यांना किती दिसत असेल कोण जाणे. मग म्हणाले, "त्याईले मालूम नाही?"

"नाही."

"आन् त्यानं इचारलं त?"

"नाही विचारत."

"इचारलंच त?"

"मान हलवा," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. समजलं म्हणून हलवली, की सराव म्हणून, ते मला कळलं नाही.

गुरुजी ओसरीतच होते. "या, या!" म्हणत उठले. मी बाबांच्या मागं होतो, हातात त्यांची पिशवी. बाबा पायरीवर थांबले, दोन्ही हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले,

"राम राम."

गुरुजी खूश झाले. "राम राम, राम राम! आजकाल कोण म्हणतं हो राम राम? सगळे आपले हॅलो हॅलो."

मी बाबांना नमस्कार म्हणायला सांगितलं होतं. एवढं मागितलं नव्हतं. गोंधळून त्यांच्या तोंडून ते निघालं, की खोटं करायचंच तर पक्कं करावं असा गवंड्याचा हिशेब होता, मी कधी विचारलं नाही. पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. ते शब्द ऐकले तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला हलकं वाटलं. चला, निभावलं, असं वाटलं. पिशवी घेऊन मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो.

ते आठ दिवस बाबांनी रोज सकाळी गुरुजींना राम राम घातला. पहाटे उठून ते नेहमीप्रमाणे त्रिशरण-पंचशील म्हणायचे, पण आवाज न करता. भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे, नुसते ओठ हलायचे. साखर वाढल्यामुळं ऑपरेशन दोन दिवस पुढं गेलं, तर बसून करमेना म्हणून त्यांनी काकूंचं तुळशीवृंदावन दुरुस्त करायला घेतलं. त्याला मधोमध भेग गेली होती. वाळू दोनदा चाळली, जुनं प्लास्टर खरवडून काढलं, एका डोळ्यानं ओळंबा लावला. मी म्हटलं, "राहू द्या ना बाबा." म्हणाले, "काम हाय. कामाले काय झालं?" त्या दोन दिवसांत ते मोकळे दिसले. थापी हातात असली की त्यांना कुणाला काही म्हणावं लागत नव्हतं.

जायच्या दिवशी काकूंनी त्यांना नारळ आणि टॉवेल-टोपी दिली, कपाळाला कुंकू लावलं. बाबा वाकून उभे राहिले. स्टँडवर पोचल्यावर मला म्हणाले, "थांब जरा." नळावर गेले. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं, म्हणून हिरवी पट्टी हातानं झाकून नुसतं कपाळ धुतलं. परत आले. "पानी गार हाय इथचं," म्हणाले.

त्यानंतर बाबा त्या खोलीवर आले नाहीत. मी बोलवायचो. वावरातली कामं आहेत म्हणायचे. आम्हाला वावर नव्हतं.

पुढं आम्ही स्वतःचं घर बांधलं. तिथं कुणाला काही विचारून राहायचं नव्हतं. ट्रंकेतला फोटो बाहेर आला, पण बायकोनं तो दर्शनी खोलीत लावला आणि मी तो आतल्या खोलीत नेला. म्हटलं, तिथं उजेड चांगला येतो. गृहप्रवेशाला बाबा आले. फाटकाशी थांबले, मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं,

"इथं काय म्हनाचं?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पाहुण्याच्या घरी चप्पल कुठं काढायची, असं विचारतात तसं.

मी म्हटलं, "म्हणा काहीही."

त्या दिवशी बाबा सगळ्या पाहुण्यांना मान हलवत होते. माझ्यासारखीच. थोडीशी, एकदा.

बाबा गेल्या वर्षी गेले. जलदान विधी गावी ठेवला होता, रविवारी. गुरुजींचा दर दिवाळीला फोन यायचा, पण बाबा गेल्याचं त्यांना कुठून तरी कळलं आणि मधेच फोन आला. तो बायकोनं घेतला. मला सांगितलं नाही.

विहारापुढं मांडव होता. वंदना झाली, मग जो तो उठून बाबांबद्दल दोन शब्द बोलत होता. तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली आणि जावयाच्या हाताला धरून गुरुजी उतरले. ऐंशीच्या पुढचे. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मी बायकोकडं पाहिलं.

"मीच सांगतलं," ती म्हणाली. "पत्ता इचारला, देल्ला. खोटा पत्ता देऊ काय?"

गुरुजींना आता फारसं दिसत नाही. मांडवातली बुद्धमूर्ती, आमच्या घराघरातला तो फोटो, पांढरे कपडे, यातलं त्यांना काय दिसलं आणि काय नाही, सांगता येत नाही. ते वळून गाडीत बसावेत असं मी मनातून मागत होतो, हेही लिहून ठेवतो. पण ते चाचपडत पुढं आले, बाबांच्या फोटोला फुलं वाहिली, आणि कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला.

हेडमास्तर माणूस. नीट बोलले. "मी यांच्या मुलाचा घरमालक. हे माझ्याकडं आठ दिवस होते. डोळ्याचं ऑपरेशन, तरी माझं वृंदावन बांधून दिलं. एक रुपया घेतला नाही. आणि रोज सकाळी मला राम राम घालायचे. इतक्या मनापासून राम राम म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

मग पहिल्या रांगेतून बाबांचे जोडीदार उठले. दोघांनी चाळीस वर्षं एका पायटावर उभं राहून भिंती बांधल्या होत्या. आम्ही त्यांना काका म्हणतो.

"गुरुजी, तुमी पाव्हने हा. पन तुमची गलती होऊन रायली. आमचा गडी ते म्हननारा नोयता. दुसराच कोनी असन."

दोघं-तिघं हसले.

"नाही हो," गुरुजी म्हणाले, "हेच. मुलाचं नाव सांगू का?"

मागून कुणीतरी बोललं, आवाज दबका, पण ऐकू येईल असा. "आमाले पाटलाची गोठ सांगे, आन् तिकडं जाऊन राम राम?" एक बाई म्हणाली, "अमरावतीची हवा लागली असन मंग." पोरं एकमेकांकडं पाहत होती, ज्यांना ती गोष्ट पाठ होती तीच. फोटोजवळ बसलेली आई मान वर करून माझ्याकडं पाहू लागली.

बाबांनी आयुष्यभर सांभाळलेली एकच गोष्ट त्यांच्याच मांडवात, त्यांच्या पाठीमागं जात होती. आणि ती थांबवणं फक्त मला शक्य होतं. तरीही मी लगेच उठलो नाही. आधी असा विचार आला की गुरुजी म्हातारे आहेत, विसरतात, असं म्हणून टाकावं. लोकांनी मानलंही असतं. तो विचार किती वेळ टिकला ते सांगता येणार नाही, पण तो आला होता.

मग उठलो. माइक घेतला नाही.

"काका, गुरुजींची गलती नाही. बाबांचीही नाही. मी अमरावतीला जात लपवून राहत होतो. बाबांना मी सांगितलं होतं, तिथं आपलं म्हणू नका म्हणून. एस.टी.त सांगितलं. बडनेऱ्याच्या आधी."

बडनेऱ्याचा काही संबंध नव्हता. पण तोंडातून निघालं.

"कितीक वर्सं रायला असा?" काकांनी विचारलं.

"साडेचार."

"आन् त्याले किती दिवस ते म्हनाले लावलं?"

"आठ."

काका खाली बसले. माझ्याकडं न पाहता फोटोकडं पाहत म्हणाले, "आठ दिवस गिळलं गड्यानं. आन् मले एका शबदानं सांगतलं नाही."

आई एवढंच म्हणाली, "म्हनून येत नोयते ते तुह्याकडं. मले वाटे, सूनबाई बरोबर पाहत नसन त्याईले."

बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. इतक्या वर्षांत सासूचं ते सणासुदीला तुटक बोलणं, ते तोंड फिरवणं, त्याचं कारण तिला त्या क्षणी कळलं. मलाही. माझी एक मान कुठकुठं जाऊन लागली होती, याचा मला पत्ता नव्हता. "पाहा," ती मला म्हणाली, आणि ट्रे घेऊन पुढं गेली.

तिनं पहिला कप गुरुजींना दिला. मी त्या कपाकडं पाहत राहिलो. ते पितात की ठेवून देतात, ते. त्यांनी सगळा प्यायला. मग मला वाटलं, मी हे का पाहतोय? म्हाताऱ्या माणसानं चहा प्यायला, आणि मी परीक्षकासारखा बसलोय. माझ्या घरात वीस वर्षांपासून जे चाललं होतं, त्याची मी कधी अशी परीक्षा घेतली नव्हती.

गाडीपाशी गुरुजींनी माझा हात धरला. "खरं सांगू? तेव्हा तुम्ही सांगितलं असतं, तर खोली दिली नसती. आमच्या हिनं तर नाहीच. मीही नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"हं." मग म्हणाले, "वृंदावन अजून तसंच आहे. एक भेग नाही." आणि गाडीत बसले. मला काहीतरी बोलायचं होतं. माझी मान हलली. गाडी गेली.

मागं काका उभे होते. त्यांनी पाहिलं होतं. "तोंडानं बोलत जाय, बाप्पा," ते म्हणाले. "मान तर आमचा बैलबी हालवते."

गावात आता मला कुणी टाकून बोलत नाही. पाटलाची गोष्ट यंदाच्या जयंतीला काकांनी सांगितली. शेवटी माझी गोष्टही जोडली, मला समोर बसवून. पोरं माझ्याकडं वळून पाहत होती. मी तसाच बसून राहिलो. माझी जात मला कधीच जड नव्हती, हे मला आता पटलं आहे. ती मी केव्हाही उघडपणे घेऊन फिरू शकलो असतो, फार तर आणखी दोन-चार पुतणे निघाले असते. जड आहे तो पायऱ्यांवरून दोन-दोन करत वर गेलेला माणूस. ज्याला त्या वेळी हलकं वाटलं. तो मी नव्हतो असं म्हणायला मला आजही आवडेल. फोटो मी दर्शनी खोलीत आणून लावला. त्याला खिळा लागतो, तेवढं सोपं होतं.

यंदा दिवाळीत गुरुजींचा फोन आला नाही. दोन दिवस वाट पाहिली. भाऊबीजेला सकाळी मीच लावला. बराच वेळ वाजला. मग त्यांचा आवाज आला, "कोण?"

मी नाव सांगितलं. मग म्हटलं, "जय भीम, गुरुजी."

पलीकडं काही नाही. आमच्या स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता, तेवढं मला कळत होतं.

"ऐकू येत नाही," गुरुजी म्हणाले. "जरा मोठ्यानं बोला."

मी मोठ्यानं बोललो.

"हो, हो," ते म्हणाले, आणि मुलीचं कॉलेज कसं चाललंय ते विचारलं. त्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. शेजारच्यांनी नक्की ऐकलं असेल.